पुस्तकांवर गप्पा मारायचं ॲप करतेयस? मग आधी ‘कुठवर वाचून झालं’ एवढं एकच नीट कर

पत्र असं आहे: “ताई, मी पुण्यात ॲप डिझाइनचं काम करते, माहेर साताऱ्याचं. आईचा वाचनालयातल्या मैत्रिणींचा ग्रुप आहे, १४ जणी, एक पुस्तक ठरवून वाचतात आणि व्हॉट्सॲपवर त्यावर बोलतात. तिथे नुसता गोंधळ होतो, कुणीतरी शेवट सांगून टाकतं, चांगले मेसेज गुड मॉर्निंगच्या ढिगात हरवतात. म्हणून मी आणि माझा एक मित्र मिळून ॲप करतोय. पुस्तक वाचायची सोय, चर्चा, प्रोफाइल, बॅज, रोजची स्ट्रीक (सलग किती दिवस वाचलं त्याची मोजणी), लीडरबोर्ड (कोण पुढे त्याची यादी), पुस्तकांचं दुकान असे चाळीसेक स्क्रीन तयार झालेत. आईला दाखवले तर म्हणाली, छान आहे गं, पण आम्ही व्हॉट्सॲपवरच बऱ्या. तेव्हापासून मनच लागत नाहीये. आमचं कुठे चुकतंय? आणि टेलिग्रामवर ज्या पीडीएफ फिरतात त्या सुरुवातीला ॲपमध्ये टाकल्या तर चालेल का, म्हणजे लोक तरी येतील?”

अगं, आईचं उत्तर मला फार आवडलं, आणि तू ते नकार म्हणून मनाला लावून घेतलंयस याचं वाईट वाटलं. आई तुला कामाचं सांगतेय. व्हॉट्सॲपवर तिला बोलून मेसेज पाठवता येतो, पानाचा फोटो टाकता येतो, सगळ्या मैत्रिणी आधीच तिथे आहेत आणि पासवर्ड आठवावा लागत नाही, मग तुझ्याकडे येऊन तिला जास्तीचं काय मिळणार हा साधा प्रश्न आहे तिचा. आणि त्याचं उत्तर तुझ्याच पत्रात पडलंय बघ. शेवट फुटतो आणि चांगलं लिहिलेलं हरवतं. अडचणी या दोनच. आता ते चाळीस स्क्रीन समोर ठेव आणि यातले किती या दोन गोष्टींसाठी आहेत ते मोज, मला वाटतं चार-पाच निघतील, बाकीचे दुसऱ्या ॲपमध्ये असतात म्हणून आलेत.

शेवट का फुटतो ते आधी बघू कारण सगळं डिझाइन तिथूनच निघतं. वाचनालयाच्या ग्रुपमध्ये १४ जणींकडे १४ प्रती नसतात. दोन-तीन प्रती असतात, त्या हातोहात फिरतात, एखादी विकत घेते, एखादी मुलीला सांगून किंडलवर मागवते, एखादी भाजी निवडताना ऑडिओबुक ऐकते. म्हणजे एक जण पुस्तक संपवून बसलेली असते तेव्हा दुसरीच्या हातात ते यायचंच असतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना तुला माहीत असेल, पुस्तकांची पेटी एका गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते, तिथेही तेच, आत्ता कोण कुठलं पुस्तक वाचतंय याला काही मेळ नसतो. आपल्याकडे बहुतेक लोक असंच वाचतात, पाळीपाळीने. व्हॉट्सॲपला हे कळत नाही कारण तिथे सगळे मेसेज एकाच ओळीत, वेळेप्रमाणे लागतात. जी मागे आहे तिला दोनच रस्ते उरतात, ग्रुप म्यूट करायचा नाहीतर शेवट वाचून घ्यायचा. दोन्हीत नुकसान तिचंच.

तुझ्या ॲपने म्हणून चर्चा वेळेप्रमाणे न लावता पुस्तकातल्या जागेप्रमाणे लावायची. मी सहाव्या प्रकरणापर्यंत आलेय असं सांगितलं की पहिल्या सहा प्रकरणांवरचं सगळ्यांचं बोलणं मला दिसेल आणि सातव्यापासून पुढचं झाकलेलं, कुलूपबंद असेल. आज लिहिलेलं असो की दोन महिन्यांपूर्वी लिहिलेलं, मी तिथे पोचेन तेव्हा ते माझ्यासाठी ताजंच. म्हणजे चांगलं हरवतं ही दुसरी अडचणही यातच सुटली. ही कल्पना नवी नाही, स्टोरीग्राफ नावाचं ॲप आहे, नादिया ओडुनायो या बाईंनी २०१९ मध्ये सुरू केलं, सुरुवातीला कोडिंग एकट्याच करत होत्या, त्यात मैत्रिणीबरोबर पुस्तक वाचताना तिची कॉमेंट आपण त्या जागी पोचेपर्यंत बंद राहते. ते नक्की वापरून बघ. पण जसंच्या तसं उचलू नकोस, कारण तिथे पान नंबर किंवा टक्के टाकायचे असतात आणि आपल्याकडे तिथेच घोळ होणार.

पान नंबरचं असं आहे की एकाच कादंबरीच्या वाचनालयातल्या जुन्या प्रतीत आणि दुकानातल्या नव्या आवृत्तीत पानं वेगळी पडतात. टाइप बदलतो, आकार बदलतो, प्रस्तावना वाढते. किंडलवर तर कित्येक पुस्तकांना पान नंबरच नाही, लोकेशन असतं, आणि ऑडिओवाली तास-मिनिटं सांगणार. आईच्या ग्रुपमध्ये एक म्हणाली ११२ पानावर आहे तर दुसरीच्या पुस्तकात तो प्रसंग ९७ वर असेल. म्हणून जागा मोजायची प्रकरणाने. पुस्तक सुरू करताना ग्रुपमधली कुणी एक अनुक्रमणिकेचा फोटो काढेल, त्यावरून प्रकरणांची यादी बनेल, झालं. जिथे प्रकरणांना नावं नाहीत तिथे नुसते आकडे, आणि जिथे प्रकरणंच नाहीत, सलग मजकूर आहे, तिथे ग्रुपने स्वतःच थांबे ठरवायचे, ‘मुंबईला जातात तिथपर्यंत’ असं लिहिलेला थांबासुद्धा चालला पाहिजे, बायका असंच तर बोलतात एकमेकींशी. कथासंग्रह असेल तर मात्र क्रमाचं कुलूप नको, कारण कुणीही मधलीच कथा आधी वाचतं. तिथे वाचलेल्या कथांवर टिक करायची आणि तेवढ्यांचीच चर्चा उघडायची. कवितासंग्रहाला कुलूपच नको.

आता यातल्या बारीक जागा सांगते, कारण ॲप फसतं ते इथेच. झाकलेली चर्चा पूर्ण गायब करू नकोस. ‘नवव्या प्रकरणावर पाच जणी बोलल्यात’ एवढं दिसू दे, ते बघून पुढे वाचावंसं वाटतं. नोटिफिकेशनमध्ये मजकूर अजिबात दाखवू नकोस, ॲपच्या आत कुलूप आणि लॉक स्क्रीनवर ‘अगं तो शेवटी मरतो ना’ असं झालं तर सगळी मेहनत वाया गेली. पुढचं एक म्हणजे पुस्तक संपवलेली बाई दुसऱ्या प्रकरणावर लिहायला येते आणि लिहिते, ‘हिच्याकडे नीट लक्ष ठेवा हं’. तिने काही सांगितलं नाही पण सगळं सांगितलं. त्यासाठी जी पुढे गेलीये तिने मागच्या प्रकरणावर लिहिलं की पाठवण्याआधी ॲपने तिला एकदाच विचारावं, हे सगळ्यांना दिसू दे की पूर्ण वाचलेल्यांनाच. दोन बटणं, बस. आणि कुणाला कुलूप मोडून पुढचं वाचायचंच असेल तर वाचू दे, काही जणांना शेवट माहीत असल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना अडवणारी आपण कोण. फक्त चुकून उघडणार नाही एवढं बघ. ‘कुठवर वाचलं’ ते बदलणं इतकं सोपं हवं की हातात पुस्तक धरून अंगठ्याने होईल, मोठ्या आकड्यांची उभी यादी, आपल्या प्रकरणावर टॅप. यासाठी वेगळ्या स्क्रीनवर जावं लागलं तर कुणी अपडेट करणार नाही, आणि ते अपडेट झालं नाही तर कुलपाला काही अर्थ नाही. म्हणून मी म्हणते, ॲप उघडल्यावर पहिली गोष्ट तीच दिसू दे.

ॲपमध्येच पुस्तक वाचायची सोय आत्ता करू नकोस. तुम्ही दोघंच आहात, आणि रीडर बनवणं हे स्वतंत्र मोठं काम आहे. आईचा ग्रुप कागदावर वाचतो. मराठी ई-पुस्तकं वाचणारे किंडलवर किंवा बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साइटवर वाचतात आणि ती पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, तुझ्याकडे आणता येत नाहीत. पुढे कधी केलंसच तर ईपब धर, म्हणजे फोनच्या मापाप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल, पीडीएफच्या नादी लागू नकोस. पीडीएफचं पान छापील मापाचं असतं, फोनवर प्रत्येक ओळ डावी-उजवी सरकवत वाचावी लागते, साठीच्या बाईला ते शिक्षेसारखं आहे. शिवाय जुन्या मराठी पीडीएफ श्रीलिपीसारख्या युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात, दिसायला मराठी पण त्यातलं वाक्य कॉपी करून चर्चेत चिकटवलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा येतो, शोध तर चालतच नाही. ईपबसाठी रीडियम आणि ईपब-जेएस अशी फुकट ओपन सोर्स साधनं आहेत, तेव्हा शून्यापासून लिहायची गरज पडणार नाही. पण ते नंतर.

टेलिग्रामच्या पीडीएफचं मात्र स्पष्ट सांगते, नाही. एकही नाही. सुरुवातीपुरत्यासुद्धा नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा हजार-दीड हजार प्रतींची असते, त्यातून लेखकाला मिळून मिळून किती मिळत असेल याचा हिशेब कर, आणि पुस्तकांवर प्रेम आहे म्हणून ॲप काढणाऱ्यांनीच त्यातून घ्यायचं हे मला बघवणार नाही. कायद्याचंही बघ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढचं कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. ह. ना. आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये, त्यांनी हयातीत छापलेलं आता सगळ्यांचं आहे, आणि अशा जुन्या लेखनातलं बरंच मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहात युनिकोडमध्ये टाइप केलेलं मिळतं, तुला रीडर करायचाच झाला तर सुरुवात तिथून होईल. फक्त एक लक्षात ठेव, मूळ पुस्तक मोकळं झालं तरी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा असतो, आणि नव्या आवृत्तीतल्या नव्या प्रस्तावनेचाही. चर्चेत चार ओळी उद्धृत करणं ठीक आहे, समीक्षेसाठी तेवढी मोकळीक त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण पानामागून पान फोटो टाकून पूर्ण प्रकरण चढवणं म्हणजे समीक्षा नाही. फोटोंवर मर्यादा घाल, एका पोस्टला एक.

मराठीचं तांत्रिक काम या सगळ्यात लपून राहतं आणि नंतर त्रास देतं, म्हणून आत्ताच करून घे. एक बाई ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टाइप करेल, दुसरीचा कीबोर्ड अ वर चंद्र ठेवेल, दिसायला सारखं, पण कॉम्प्युटरसाठी दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणणं, लावलं तरी ते एक होत नाहीत, तुला स्वतः जुळवावं लागेल. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्या पण तसाच, दोन-तीन पद्धतींनी साठवला जातो. त्यात ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार. शोध असा कर की हे सगळं सैल सोडेल, पुस्तकाचं नाव थोडं चुकलं म्हणून ‘सापडलं नाही’ असं ॲपने एखाद्या आजींना सांगायचं नाही. अक्षरांचं म्हणशील तर ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलंस की वरची वेलांटी-रफार आणि खालचा उकार कापला जातो, ते वाढव. आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून कोडमध्ये नोंदव, नुसती देवनागरी म्हणून सोडू नकोस, बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं असतात पण ती भाषा नोंदवल्याशिवाय येत नाहीत, हिंदी वळण येतं आणि वाचताना खटकत राहतं. वाचायच्या मजकुराला ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट, बटणांना ‘मुक्त’ नावाचा, दोन्ही फुकट आहेत, लावून बघ. अँड्रॉइड १४ पासून फोनमधली अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात आणि आईच्या मैत्रिणींनी ती मोठी केलेलीच असणार, तेव्हा प्रत्येक स्क्रीन त्या सेटिंगवर बघ. तुझी अर्धी बटणं तिथे तुटतील.

बोलून मेसेज पाठवायची सोय हवीच. यावर तडजोड करू नकोस. मी वाचनगटांत बरीच वर्षं बसतेय, आणि टाइप करताना ‘छान आहे पुस्तक’ एवढंच लिहिणाऱ्या बायका बोलायला लागल्या की दहा मिनिटं एका पात्राचं काळीज उलगडून दाखवतात. तो आवाज त्या त्या प्रकरणाला चिकटलेला राहिला तर तुझ्या ॲपमध्ये व्हॉट्सॲपपेक्षा काहीतरी जास्त आहे असं आईला आपोआप वाटेल.

बॅज, स्ट्रीक आणि लीडरबोर्ड काढून टाक. तुला वाईट वाटेल, त्यावर मेहनत घेतली असणार, तरी काढ. ग्रुपमध्ये कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाकडे नातवंडं आलेली असतात, कुणी मुळातच हळू वाचतं आणि तीच सगळ्यात खोल बोलते. तिला यादीत तळाला दाखवायचं कशासाठी? आकडे मोजायला लागलं की लोक पातळ पुस्तकं निवडतात. स्टार रेटिंगही नको, एवढ्या छोट्या गटात चार तारे की साडेतीन याने काय कळतं. दुकानही आत्ता नको.

पुस्तकांचा मोठा कॅटलॉग करायच्याही मागे लागू नकोस. गुडरीड्स या पुस्तकांच्या साइटने २०२० च्या डिसेंबरपासून नव्या डेव्हलपरना एपीआयच्या किल्ल्या, म्हणजे त्यांचा डेटा आपल्या ॲपमध्ये आणायची परवानगी, देणं बंद केलं, ओपन लायब्ररी या ऑनलाइन पुस्तकयादीचा डेटा मोकळा आहे पण मराठी पुस्तकं तिथे तुरळक, जुन्या पुस्तकांना आयएसबीएन हा ओळख क्रमांक नाही, आणि रोमनमध्ये एकाच लेखकाचं नाव चार स्पेलिंगांनी पडलेलं. तुला कॅटलॉग लागतच नाही. ग्रुप एका वेळी एक पुस्तक वाचतो, मुखपृष्ठाचा फोटो, नाव, लेखक, प्रकरणं, एवढं त्यांनी स्वतः भरलं की पुरे.

एक गोष्ट मात्र तू जाहिरातीत वर घ्यावीस अशी आहे. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि नवीन बाई ग्रुपमध्ये यायला कचरते ती बऱ्याचदा त्यानेच. तुझ्याकडे नंबर कुणालाच दिसू नये, ग्रुप मुळातच खासगी असावा, आमंत्रणाशिवाय कुणी आत येऊ नये. फोनमधले कॉन्टॅक्ट मागू नकोस. तक्रार करणं, एखाद्याला ब्लॉक करणं आणि आपलं खातं ॲपमधूनच पुसून टाकणं हे पहिल्या दिवसापासून हवं, प्ले स्टोअर ते मागतंच, पण मागितलं नसतं तरी हवं होतं. तक्रारीसाठी कुणाशी बोलायचं त्या माणसाचं नाव आणि संपर्क ॲपमध्ये देणं आपल्याकडच्या आयटी नियमांतही आहे. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी उघडायचं मनात असेल तर थोडं थांब, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितलीये, ते नीट करायला वेळ आणि पैसा लागेल.

मग सुरुवात कशी करायची, तर कोड न लिहिता. व्हॉट्सॲप कम्युनिटीमध्ये (बरेच ग्रुप एकत्र ठेवायची सोय) एकाच पुस्तकासाठी तीन-चार ग्रुप कर, ‘पहिली पाच प्रकरणं’, ‘सहा ते दहा’, असे, आणि बायकांना सांग, तिथवर वाचून झालं की त्या ग्रुपमध्ये या. ओबडधोबड आहे पण जागेप्रमाणे चर्चा लावली तर काय होतं हे एका पुस्तकात कळेल, आणि खर्च शून्य. ते जमलं तर तीन स्क्रीन काढ, कुठवर वाचलं, त्या प्रकरणाची चर्चा, आणि लिहा-बोला. आईच्या हातात फोन दे आणि गप्प बस. खरंच गप्प बस, ‘अगं तिथे नाही, वर दाब’ असं म्हणायचं नाही, तिचा अंगठा कुठे अडतो ते फक्त लिहून ठेव. आधी अँड्रॉइडच कर, प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर भरायचे असतात, ॲपलला दरवर्षी ९९. आणि वैयक्तिक खात्यावरून नवीन ॲप टाकायचं तर गूगल आधी बंद चाचणी मागतं, निदान १२ जण, सलग १४ दिवस. बाकीचे लोक या १२ जणांसाठी ओळखीपाळखीत फिरत असतात, तुझ्याकडे खरं पुस्तक वाचणाऱ्या १४ जणी बसल्यात.

पहिल्या पुस्तकाला नीट प्रकरणं पाडलेली कादंबरी घ्या, आणि आईला म्हणावं वाचनालयात विचारून ये, निदान तीन प्रती हव्यात पण सगळ्यांना पुरतील इतक्या नकोत, नाहीतर सगळ्या बरोबरच वाचतील आणि कुलपाची परीक्षा होणारच नाही. दोन महिने धरा. झालं की मला परत लिही. मागे राहिलेल्या बायका झाकलेली प्रकरणं बघून पुढे वाचत सुटल्या की कंटाळून थांबल्या, हे मला तुझ्याकडून ऐकायचंय, आणि कुणी थांबली असेल तर कुठल्या प्रकरणाला थांबली तेही कळव.